चार ग्रॅमची ठकी

(१९८४ च्या दहावीच्या बॅचच्या स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी मला विषय दिला होता 'परदेशातील माझे अनुभव'. वेळ दिली होती पंधरा मिनिटं. कार्यक्रमपत्रिकेत माझ्या नावाआधी 'अमेरिकास्थित' असा शब्द छापलाय. त्यामुळे मी आता व्हिसा, नोकरी, बर्फ आणि भारताची आठवण यांवर बोलणार, असं तुम्हाला वाटत असेल. बर्फावर मला बोलताच येणार नाही, कारण आम्ही राहतो त्या कॅलिफोर्नियातल्या फ्रीमाँट गावात बर्फ पडत नाही.

मी बोलणार आहे ते एका पक्ष्याबद्दल. त्याचं वजन चार ग्रॅम. आपलं हल्लीचं एक रुपयाचं नाणं तीन-चार ग्रॅमचं असतं, त्यावरून अंदाज करा. या गोष्टीत आज सभागृहात बसलेली दोन माणसं आहेत. एक आपले शास्त्राचे सर. ते पहिल्या रांगेत बसलेत आणि मी काय बोलणार हे त्यांना माहीत नाही. दुसरा आपल्याच वर्गातला, माणदेशात आयुष्यभर जनावरांचा डॉक्टर म्हणून काम केलेला. "माझं नाव घेतलंस तर उठून चहाला जाईन," असं त्यानं सकाळीच बजावलंय. म्हणून मी त्याला नुसतं 'डॉक्टर' म्हणते. दहावीपर्यंत मी त्याच्याशी एक वाक्यसुद्धा बोललेली नाही, हे तुम्हाला आठवत असेलच. त्या काळात मुलंमुली बोलत नसत. आमचं पहिलं संभाषण झालं ते थेट चोपन्नाव्या वर्षी, व्हॉट्सॲपवर, आणि तेही असं की मी रडायच्या बेतात आले होते.

आधी पक्ष्याची ओळख करून देते. हमिंगबर्ड हा पक्षी आपल्याकडे नाही. फक्त उत्तर आणि दक्षिण अमेरिकेत आहे. तिथं मात्र त्याच्या तीनशेहून जास्त जाती आहेत. आपल्याकडे जास्वंदीवर येतो तो शिंजीर. बरेच जण त्यालाच हमिंगबर्ड म्हणतात, पण दोघांचा गोत्रसंबंध नाही. शिंजीर बहुतेक वेळा फांदीवर बसून मध पितो. हमिंगबर्ड फुलासमोर हवेत जागच्या जागी थांबतो, मागेसुद्धा उडतो. आमच्या अंगणात येतो त्या जातीचं नाव 'ॲनाज हमिंगबर्ड'. १८२९ साली एका फ्रेंच निसर्गअभ्यासकानं ॲना मासेना या सरदारघराण्यातल्या बाईच्या नावावरून ते ठेवलं. नराचं डोकं आणि गळा उन्हात आला की राणी रंगाचा झळकतो. मादी हिरवट-राखाडी, गळ्यावर एखादा लाल ठिपका. पंखांची फडफड सेकंदाला चाळीस-पन्नास वेळा. जागेपणी काळजाचे ठोके मिनिटाला हजाराच्या आसपास जातात. आणि थंड रात्री उपाशी मरू नये म्हणून हा पक्षी अशा गुंगीत जातो की ठोके पन्नासच्या आसपास येतात. सकाळी अंग तापवून पुन्हा कामाला लागतो. एवढं इंजिन चालवायचं म्हणजे इंधनही तसंच हवं. दिवसभर दर दहा-पंधरा मिनिटांनी त्याला काही ना काही पोटात ढकलावं लागतं. एखादा दिवस उपास घडला तर तो जगत नाही.

आमच्या अंगणात त्यासाठी एक फीडर टांगलेला आहे. लाल झाकणाची बाटली, खाली प्लास्टिकची फुलं, त्या फुलांना भोकं. आत साखरपाणी. बाटली टांगली यांनी, आणि तिची खरी मालकीण झाल्या माझ्या सासूबाई. सासरे गेल्यावर २०१९ मध्ये त्या आमच्याकडे राहायला आल्या. तेव्हा वय एक्क्याऐंशी. इंग्रजी येत नाही, गाडी येत नाही, शेजारी कुणी बोलायला नाही. सकाळची पूजा झाली की त्या स्वयंपाकघराच्या खिडकीत खुर्ची टाकून बसायच्या. पहिले सहा महिने त्या फारसं काहीच बोलल्या नाहीत. मग एक दिवस म्हणाल्या, "अगं, ती ठकी आली बघ परत." ठकी म्हणजे एक मादी हमिंगबर्ड. तिच्या पाठीवरचं एक पीस जरा वाकडं होतं, त्यावरून आईंनी तिला ओळखलं होतं. त्यानंतर घरात रोज ठकीची बातमी असायची. ठकीनं आज एका नराला हाकलून लावलं. ठकीनं कोळ्याच्या जाळ्यातून काहीतरी ओढून नेलं. मी ऑफिसातून आले की आधी ठकी, मग चहा.

आता २०२२ चा सप्टेंबर. तुमच्यापैकी ज्यांची मुलं तिकडे आहेत त्यांना ती उष्णतेची लाट आठवत असेल. आमच्याकडे पारा १०० फॅरनहाइटच्या, म्हणजे ३८ सेल्सियसच्या वर गेला होता आणि दिवसचे दिवस उतरत नव्हता. नेमके तेच गणपतीचे दिवस. ३१ ऑगस्टला गणपती बसले, मग गौरी आल्या. आमच्याकडे गौरीजेवणाला तीस-पस्तीस माणसं. अशा गडबडीत अंगणातली बाटली कोण धुतो? मी वरून भर घालत राहिले. खालचं तसंच.

आणि एक गोष्ट केली, तीही सांगून टाकते. पंचामृतासाठी मधाची नवी बाटली फोडली होती. आई म्हणाल्या, "अगं, ती पांढरी साखर म्हणजे विष. आपण नाही का सोडली? त्या एवढ्याशा जिवाला कशाला घालतेस? मध घाल, फुलातलाच असतो तो." मला ते शंभर टक्के पटलं. आपल्याला कोणाचं भलं करायचं असलं की गूळ नाहीतर मध सुचतो. दोन-तीनदा मी साखरेऐवजी मध कालवून घातला. मनात म्हटलं, आज ठकीचाही सण.

गौरीजेवणाच्या दिवशी पाहुण्या बायका अंगणात गेल्या आणि एकदम आरडाओरडा झाला. ठकी फीडरच्या कडेवर बसली होती आणि उडतच नव्हती. जवळ गेलं तरी नाही. सगळ्यांनी तिच्याशेजारी उभं राहून फोटो काढले. कुणीतरी म्हणालं, "किती माणसाळलीय!" मला अभिमान वाटला. सोमवारी सुट्टी होती. गौरींबरोबर आमच्या गणपतीचंही विसर्जन केलं. तेव्हाही ती तिथंच होती. मंगळवारी सकाळी आठ वाजता मी चहाचा कप घेऊन बाहेर गेले, तर पुन्हा तीच जागा. मी हातभर अंतरावरून तिचा व्हिडिओ काढला आणि आपल्या ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, 'आमची नवी मैत्रीण. मला अजिबात घाबरत नाही.'

तुमच्याकडे रात्रीचे साडेआठ वाजले होते. जेवणं उरकून सगळे फोन हातात घेऊन बसलेले. दहा मिनिटांत हृदयांचा पाऊस. 'किती गोड.' 'भाग्यवान आहेस.' 'पूर्वजन्मीचं नातं.' कुणीतरी गजाननाची कृपा म्हणून हात जोडलेले पाठवले. मी खूश.

मग डॉक्टरचा निरोप आला. ग्रुपवर नाही, एकट्या मला.

'किती वेळ बसून आहे?'

मी लिहिलं, रविवारपासून, मधूनमधून.

'पिसं फुगवलीत का? डोळे मिटतीय का? जीभ आत जातीय का बघ.'

मी चिडले, खरं सांगते. म्हशी बघणारा माणूस, याला हमिंगबर्डमधलं काय कळतंय? पण जवळ जाऊन पाहिलं. पिसं फुगलेली होती, त्यामुळेच तर ती गोल आणि गोंडस दिसत होती. डोळे अर्धवट मिटत होते. आणि चोचीच्या टोकातून एक बारीक पांढुरकं काहीतरी बाहेर लोंबत होतं. मी ते दोन दिवस पाहत होते आणि मला वाटलं होतं, साखरेचा तार असेल. ती जीभ होती. आत जातच नव्हती.

मी तसं लिहिलं. त्याचं उत्तर आलं: 'रानातला पक्षी माणसाला जवळ येऊ देतो तो माणसाळला म्हणून नाही, उडायचं बळ नसतं म्हणून. म्हैस असू दे नाहीतर माशी, तब्येतीची पहिली खूण तीच. व्हिडिओ काढत बसू नको.' आणि त्याखाली आणखी एक ओळ: 'सरांचं शिंजिराचं पिल्लू आठवतं का? तेव्हाही साखरपाणी तूच घातलं होतंस.'

मित्रांनो, हे तुमच्यापैकी कितीजणांना आठवतं ते पाहू. १९८३, आपण नववीत. फेब्रुवारी-मार्चचे दिवस. शाळेच्या मागच्या व्हरांड्याजवळ जास्वंदीला शिंजिराचं घरटं लोंबत होतं, जुन्या कापडाच्या चिंधीसारखं. एक पिल्लू खाली पडलं. मी ते ओढणीत घेतलं, वर्गात आणलं. कुणाच्या तरी डब्यातली साखर, मडक्यातलं पाणी, आणि शाईच्या पेनाचा ड्रॉपर. शिंजीर फुलातला मध पितो हे आपण धड्यात वाचलं होतं, म्हणून मी त्याच्या चोचीत साखरपाणी पिळत राहिले. दुसऱ्या दिवशी सकाळी ते खोक्यात मरून पडलं होतं.

सर रागावले नाहीत. त्यांनी विचारलं, "याची आई याला काय भरवत होती, ते कोणी पाहिलं होतं का?" कोणीच पाहिलं नव्हतं. मग सरांनी तास सोडून आम्हाला व्हरांड्यात बसवलं. वही-पेन्सिल घेऊन, तोंड बंद ठेवून, पाऊण तास. घरट्यात दुसरं पिल्लू होतं. मादी येत होती, जात होती. माझ्या वहीत अकरा फेऱ्यांची नोंद होती. प्रत्येक वेळी चोचीत कोळी, अळी, नाहीतर बारीक माशी. फुलाचा मध मोठ्यांना. वाढत्या पिल्लाला किडे. खाली सरांनी लाल शाईत एवढंच लिहिलं होतं: 'आधी पाहा.' आणि त्या दिवशी सरांनी आणखी एक सांगितलं होतं. पडलेलं पिल्लू धडधाकट असेल तर उचलून परत घरट्यात ठेवावं. माणसाचा हात लागला म्हणून आई त्याला टाकत नाही.

एकोणचाळीस वर्षांनी, सात समुद्र ओलांडून, मी पुन्हा तेच केलं होतं. न पाहता गोड घातलं होतं.

आता पुढचं थोडक्यात सांगायला हवं, पण त्यातले तपशील कामाचे आहेत. मला आधी वाटलं, ठकीला घरात घ्यावं. आई देवघरातून तुळशीचा रस आणि हळद घेऊन तयार. डॉक्टरनं लिहिलं, 'काही घालू नको. मी चार ग्रॅमचं जनावर कधी हातात धरलेलं नाही. तिथं या कामाची शिकलेली माणसं असतात, त्यांना फोन कर.' न कळणाऱ्या गोष्टीत 'मला कळत नाही' म्हणणारा डॉक्टर फार मोलाचा, हे मला त्या दिवशी समजलं. अमेरिकेत १९१८ पासूनच्या कायद्यानं असे रानपक्षी परवान्याशिवाय घरी ठेवता येत नाहीत. आजारी, जखमी पक्ष्यांसाठी परवानाधारक सुश्रूषा केंद्रं असतात. आमच्यापासून चाळीस मिनिटांवर एक होतं. बरीचशी कामं तिथले स्वयंसेवक करतात.

फोनवरच्या बाईंनी मला एकेक पायरी सांगितली. बुटाचं छोटं खोकं घ्या, झाकणाला बारीक भोकं पाडा. तळाला टिश्यू पेपर पसरा. टॉवेल नको, त्याच्या धाग्यांच्या फासात पक्ष्याची बोटं अडकतात. दोन्ही हातांची ओंजळ करून अलगद झाका, दाबू नका. चोचीत काही ओतू नका, ते श्वासनळीत जातं. ताजं साखरपाणी करा, एक वाटी पांढरी साखर, चार वाट्या पाणी. बाटलीच्या बुचात घेऊन चोचीचं टोक फक्त त्यात टेकवा. पिली तर पिली. पिसांवर सांडू देऊ नका. मग अंधार, शांतता, ऊब. सारखं उघडून पाहू नका.

मी ओंजळ केली. ती उडाली नाही. हातात काही आहे असं वाटतच नव्हतं. नुसतं आत काहीतरी थरथरत होतं, मोबाइल मूकावर ठेवल्यावर थरथरतो तसं. ते तिचं काळीज. चोच बुचात टेकवली, पण तिला पिता येईना.

त्या जिभेबद्दल नंतर मी वाचलं. ती टोकाशी दुभंगलेली असते. आपल्याला सरांनी केशाकर्षण शिकवलं होतं ना, टीपकागदात शाई चढते ते? हमिंगबर्ड तसाच मध ओढतो, असं जुन्या पुस्तकांत असे. २०११ साली कनेक्टिकट विद्यापीठातल्या संशोधकांनी दाखवलं की तसं नाही. जीभ मधात शिरली की तिच्या कडा उलगडतात, आणि बाहेर येताना मिटतात, त्यात मध पकडला जातो. हे सेकंदात पंधरा-वीस वेळा. म्हणजे जीभ सुजली, लोंबली की संपलं. भरलेल्या बाटलीवर बसून पक्षी उपाशी मरतो. आणि ती तर तीन दिवस भरलेल्या बाटलीवरच बसली होती.

आई म्हणाल्या, मीही येणार. नऊवारीवर स्वेटर घालून त्या गाडीत बसल्या, ऊब राहावी म्हणून मला एसी लावू दिला नाही. बाहेर काहिली. खोकं मांडीवर, दोन्ही हात झाकणावर. चाळीस मिनिटं कुणी बोललं नाही.

केंद्रात एका तरुण मुलीनं खोकं आत नेलं. थोड्या वेळानं दुसऱ्या बाई वही घेऊन आल्या. कुठं सापडला, कधीपासून बसून होता, हे विचारलं. मग विचारलं, "फीडरमध्ये काय घालत होतात?"

मी म्हटलं, "साखर आणि पाणी."

मैत्रिणींनो, मी खोटं बोलले. चोपन्न वर्षांची बाई, एका कंपनीच्या हिशेबखात्याची प्रमुख, आणि शाळेतल्या पोरीसारखी खोटं बोलले. बाईंनी लिहून घेतलं आणि पुढे विचारलं, "हनी वगैरे कधी?" मी उत्तर देणार तेवढ्यात आईंना त्या वाक्यातला एकच शब्द कळला. त्या पुढे झाल्या आणि म्हणाल्या, "येस. हनी. मी." आणि स्वतःच्या छातीवर बोट ठेवलं.

बाईंनी पेन खाली ठेवलं. रागावल्या नाहीत. आईंकडे बघूनच बोलल्या, मी मराठीत सांगत गेले. मध पाण्यात कालवला की फार लवकर आंबतो, त्यात बुरशी आणि जंतू झपाट्यानं वाढतात. हमिंगबर्डला जिभेचा बुरशीचा आजार होतो, तो वाढला की जीभ सुजते. गूळ आणि तपकिरी साखरही नको, त्यात लोह असतं आणि ते या पक्ष्यांच्या शरीरात साठून राहतं. लाल रंगही नको. साधी पांढरी साखरच फुलातल्या मधाच्या सर्वांत जवळची. एरवी दोन-तीन दिवसांनी आणि अशा उकाड्यात रोज बाटली रिकामी करून धुवायला हवी. आणि हेही म्हणाल्या, जिभेला इजा झाली तरी ती अशी लोंबते, त्यामुळे याच पक्ष्याला हे मधामुळेच झालं असं मला सांगता येणार नाही. प्रयत्न करतो. एक क्रमांक दिला आणि दोन दिवसांनी फोन करायला सांगितलं. निघताना म्हणाल्या, फीडर आजच उतरवा, बाकीचे पक्षी त्याच भोकांत जीभ घालतायत.

घरी येऊन मी बाटली उघडली. बाहेरून ती चकचकीत होती. आतली प्लास्टिकची फुलं सुटी केली तर प्रत्येकाच्या सांध्यात काळी बुरशी, तळाला बुळबुळीत थर. मी ती बेसिनमध्ये धरली आणि आईंना दाखवली. लपवावंसं वाटलं होतं, पण सकाळी एकदा लपवून झालं होतं. गरम पाणी, बारीक ब्रश, मग ब्लीचच्या अगदी पातळ पाण्यात बुडवून ठेवलं, पुन्हा पुन्हा धुतलं, उन्हात खडखडीत वाळवलं. शेजारच्या दोन घरीही फीडर होते. तिथं जाऊन सांगणं सर्वांत अवघड गेलं. पंचवीस वर्षांत कधी साखर मागायला गेले नाही, आणि आता साखर कशी घाला हे सांगायला गेले. दोघांनीही ऐकलं. एकीनं तर आपली बाटली माझ्यासमोरच उघडली. तिच्यातही तेच.

गुरुवारी फोन केला. ठकी बुधवारी रात्री गेली होती. औषध सुरू केलं होतं, पण ती फार खंगली होती. दोन दिवस आधी आणली असती तर, असं त्या बाई म्हणाल्या नाहीत. ते मीच मनात म्हटलं. ते दोन दिवस मी फोटो काढत होते.

आईंना सांगायचं होतं. दुसऱ्या दिवशी अनंत चतुर्दशी. म्हटलं, परवा सांगू. पण त्यांनी माझ्या चेहऱ्यावरूनच ओळखलं. खुर्चीतून विचारलं, "माझ्या मधानं गेली का गं?"

नाही म्हणणं किती सोपं होतं! माझ्या तोंडाशी आलं होतं. पण ज्या बाईनं परक्या देशात, परक्या भाषेत छातीवर बोट ठेवून 'मी' म्हटलं होतं, तिला मी कसं फसवू? मी त्यांच्या शेजारी बसले आणि म्हटलं, "आई, नेमकं कशानं ते त्यांनाही सांगता येत नाही. मध असेल. ऊन असेल. आणि बाटली मी दहा दिवस धुतली नव्हती. मध तुम्ही सुचवलात, कालवून मी घातला. दोन दिवस ती आजारी बसली होती, तर तिचे फोटोही मीच काढले."

त्या बराच वेळ बाहेर बघत राहिल्या. तिथं रिकामा आकडा लोंबत होता. मग म्हणाल्या, "तू विसरतेस. कामं फार आहेत तुला. किती दिवस झाले ते मी सांगत जाईन."

दोन आठवड्यांनी फीडर पुन्हा टांगला. आईंनी भिंतीवरचं कालनिर्णय खाली उतरवून घेतलं आणि पेन्सिलीनं खुणा करायला सुरुवात केली. बाटली धुतली की बरोबरची खूण. उकाडा असेल तर रोज. त्याखाली हळूहळू बाकीच्या नोंदी आल्या. 'नर. दोन वेळा.' 'एक पिल्लू, चोच आखूड.' 'आज कुणी पिसं फुगवून बसलेलं नाही.' सर, माझ्या सासूबाई चौथीपर्यंत शिकल्यात. आज त्या शहाऐंशी वर्षांच्या आहेत आणि त्यांची निरीक्षणवही माझ्यापेक्षा चांगली आहे. इकडे यायला निघाले तेव्हापासून बाटलीचं काम यांच्याकडे दिलंय. काल रात्री फोन केला तर आईंनी आधी तीच तक्रार केली: "आज तिसरा दिवस आहे, आणि तो अजून झोपलाय."

एवढीच गोष्ट. पक्षी वाचला नाही, त्यामुळे ही काही यशोगाथा नाही. तरी ती इथं सांगायला हवी होती, कारण तिची सुरुवात याच व्हरांड्यात झाली. आणि तुम्हा सर्वांना उपयोगी पडेल असंही तिच्यात थोडं आहे. उन्हाळ्यात आपण गच्चीवर पक्ष्यांसाठी पाण्याचं भांडं ठेवतो. ते भरतो, घासत नाही. रोज घासा. आजारी पक्षी सापडला तर हवेशीर खोक्यात, अंधारात, शांत ठेवा. चोचीत पाणी ओतू नका, दूध-भात भरवू नका. आपल्याकडेही १९७२ च्या कायद्यानं रानपक्षी पाळता येत नाहीत. महाराष्ट्र वनविभागाचा मदत क्रमांक १९२६ आहे, तो फोनमध्ये घालून ठेवा. आणि ज्याला कळतं त्याला विचारा.

डॉक्टर, तू अजून चहाला गेलेला नाहीस, म्हणून सांगते. त्या रात्री चाळीसेक जणांनी मला हृदयं पाठवली आणि तू एक प्रश्न पाठवलास. हृदयांबद्दल मी सर्वांची ऋणी आहे. ती पाठवत राहा, परदेशात फार बरं वाटतं. पण आपल्या ग्रुपवर आता वयं झालीत. कुणी फोटोत गोड हसतंय, कुणी बरेच दिवस गप्प बसलंय. तेव्हा दहा हृदयांमागे एखादा प्रश्नही पाठवत जाऊ या. 'किती दिवस झाले असं वाटतंय?' एवढा पुरे.

सर, त्या वेळी तुम्ही माझ्या वहीत लाल शाईनं जे लिहिलंत ते मी दोनदा विसरले. तिसऱ्यांदा विसरणार नाही, असं मी म्हणत नाही. पण आता घरात कालनिर्णय आहे. आपल्या बॅचतर्फे शाळेला पाच दुर्बिणी आणि नववीच्या प्रत्येक मुलामुलीला एकेक निरीक्षणवही द्यायचं आपण ठरवलंय. त्या वह्या आज तुमच्या हस्ते द्याव्यात, अशी सर्वांच्या वतीनं विनंती करते. जास्वंद तिथंच आहे, मी सकाळी जाऊन पाहून आले. घरटं नव्हतं. पण हा डिसेंबर आहे. फेब्रुवारीत पाहायला सांगा मुलांना.